पडद्यावरच्या पत्त्यांची कैफियत

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे आपल्या दिवाळीच्या पाडव्याला, द्यूतप्रतिपदा असेही एक नाव आहे. त्या दिवशी शंकर-पार्वती सारीपाट खेळली आणि शंकर हरले, अशी कथा सांगतात. देव हरले तर त्याची कथा होते. शाळामास्तर पत्ते खेळला तर त्याची चौकशी होते! गेली काही वर्षे मी अशा एका चौकशीच्या छायेत वावरत आहे, आणि यंदा तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी आमच्या क्लबाच्या वार्षिक सभेत तिचा निकाल लागणार आहे. सभेत मला बोलायला पाच मिनिटे मिळतील. पाच मिनिटांत जे सांगता येणार नाही ते येथे सांगतो. वाचकहो, फराळाचे ताट पुढे असताना वादाचे दळण कशाला, असे आपण म्हणाल. पण वाद पत्त्यांचा आहे, आणि दिवाळीत पत्ते निघत नाहीत असे घर मला तरी ठाऊक नाही.

प्रस्ताव असा: 'क्लबाच्या नावाने चालणारे ऑनलाइन सांघिक ब्रिजचे सामने बंद करण्यात यावेत.' त्याला तीन कारणे जोडली आहेत. पहिले, हे खरे ब्रिज नव्हे. दुसरे, यात गैरप्रकारांचा संशय येतो. तिसरे, यामुळे क्लब ओस पडतो. हे सामने २०२० पासून मी भरवितो. मी कॉलेजची पायरी न चढलेला मास्तर आहे. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून लोक मला लेखक म्हणतात, आणि फोनवर सोळा माणसे गोळा करता येतात म्हणून क्लबात मला चिटणीस म्हणतात. तेव्हा आरोपी मीच आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

ज्यांनी मेंढीकोट आणि बदामसत्ती यापलीकडे पाऊल टाकलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ब्रिज हा चौघांचा खेळ. समोरासमोर बसलेले दोघे भिडू. तेरा-तेरा पाने वाटली की आधी बोली चालते, मग उतारी होते, एका भिडूचा हात उघडा मांडला जातो आणि डाव सुरू होतो. हॅरल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन गृहस्थांनी १९२५ साली एका सागरी प्रवासात गुणांची नवी पद्धत बसविली. आज जगभर खेळतात ते कॉन्ट्रॅक्ट ब्रिज त्याच पद्धतीवर उभे आहे. आता पानेच वाईट आली तर बिचारा खेळाडू काय करणार? त्यावरचा तोड म्हणजे सांघिक सामना. एका संघात चौघे. त्यातले दोघे एका टेबलावर उत्तर-दक्षिण बसतात, उरलेले दोघे दुसऱ्या टेबलावर पूर्व-पश्चिम. दोन्ही टेबलांवर तीच बावन्न पाने, त्याच चार हातांत. म्हणजे इथे जी फुटकी पाने माझ्या वाट्याला आली, तीच तिकडे माझ्या प्रतिस्पर्ध्याच्या वाट्याला गेली. मग दोन्ही टेबलांच्या गुणांतला फरक काढायचा आणि एका ठरलेल्या कोष्टकाने तो इम्पमध्ये बदलायचा: फरक २० ते ४० असेल तर १ इम्प, ४३० ते ४९० असेल तर १०, आणि ४००० च्या वर गेला तरी २४ च. पाने वाटणाऱ्या नशिबाला यात मोठीशी जागा उरत नाही. शकुनीच्या फाशांपासून इतका दूर गेलेला दुसरा पत्त्यांचा खेळ मला माहीत नाही.

तरीही 'जुगार' हा शब्द सुटत नाही. एका पालकांनी मला शाळेच्या फाटकात अडवून विचारले, "गुरुजी, तुम्ही मोबाइलवर पत्ते खेळता म्हणे?" त्यांना जे उत्तर दिले तेच येथे देतो. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली ठरविले, तेव्हा न्यायमूर्तींनी तुलनेसाठी उदाहरण घेतले ते ब्रिजचे. २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला आणि पुरुषांच्या जोडीचे सुवर्णपदक भारताने जिंकले. प्रणब बर्धन तेव्हा साठ वर्षांचे होते आणि शिबनाथ सरकार छप्पन्न. राहता राहिला पैसा. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून बंद केले, आणि फार बरे केले. आमच्या सामन्याला फी नाही, बक्षीस नाही. वर्षाअखेर जिंकलेल्या संघाचे नाव क्लबातल्या फळ्यावर खडूने लिहितात, आणि ते झाडू मारणारा गडी पुसून टाकतो.

आता पहिले कारण: हे खरे ब्रिज नव्हे. मग खरे कोणते? म्हणे, पानांचा स्पर्श हवा, पिसण्याचा आवाज हवा, समोरच्याचा चेहरा दिसायला हवा. स्पर्श आणि आवाज मलाही हवासा वाटतो. पण चेहऱ्याचे काय? ब्रिजच्या नियमांप्रमाणे भिडूचा चेहरा वाचून खेळणे हा दोष आहे. बोली देताना भिडू अडखळला, उसासा टाकला, पान जोरात आपटले, तर त्यावरून काही ओळखून त्याचा फायदा घ्यायचा नसतो. आमच्या क्लबाच्या टेबलावर हे नियम किती पाळले जातात? 'पास' हा एवढासा शब्द. पण तो सात प्रकारे उच्चारणारे सभासद आम्हांपाशी आहेत. एक 'पास' म्हणजे 'काही नाही रे बाबा', दुसरा म्हणजे 'आहे, पण तू आधी बोल', आणि तिसरा खुर्ची मागे सरकवून म्हटलेला 'पास' म्हणजे तर अख्खे पत्रच! पडद्यावर हे सारे संपले. तेथे 'पास' एकाच अक्षरात उमटतो. एखाद्या बोलीचा विशेष अर्थ असेल तर तो बोलणारा स्वतः प्रतिस्पर्ध्यांना लिहून कळवितो, आणि त्याच्या भिडूला तो दिसत नाही. क्लबात हेच काम भिडूला तोंडाने करावे लागते, आणि ते करता करता तो बोलणाऱ्याला आपल्याला काय समजले तेही सांगून बसतो. हातात रंग असताना चुकून दुसऱ्या रंगाचे पान टाकले, हा प्रकारही पडद्यावर घडत नाही. यंत्र ते पान घेतच नाही. मग खरे ब्रिज कोणते आणि खोटे कोणते, हे एकदा नियमांचे पुस्तक पुढे ठेवून ठरवू या.

तिसरे कारण दुसऱ्याच्या आधी घेतो, कारण दुसऱ्यापाशी मला थांबायचे आहे. क्लब ओस पडतो. वस्तुस्थिती अशी की २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली तेव्हा क्लबाला कुलूप लागले, आणि पुढे कित्येक महिने क्लब म्हणून जे काही शिल्लक होते ते मंगळवारी रात्री साडेनऊला पडद्यावरच होते. ही सोय माझी नव्हे की त्या रोगाचीही नव्हे. ब्रिज बेस ऑनलाइन हे संकेतस्थळ २००१ पासून चालू आहे. आम्ही गरज पडली तेव्हा तेथे गेलो, इतकेच. कुलूप निघाल्यावर गुरुवारचा डाव क्लबात पुन्हा मांडला, तो आजही चालतो. मंगळवारने गुरुवारचा एकही गडी पळविलेला नाही. उलट, गुरुवारी जे कधीच येऊ शकले नसते ते मंगळवारी येतात.

ते कोण, ते सांगतो. आमच्या क्लबाची पत्त्यांची खोली माडीवर आहे आणि जिन्याला बावीस पायऱ्या आहेत. ज्यांचे गुडघे गेले त्यांचे ब्रिजही गेले, अशी आजवरची रीत होती. दुसरे, या गावातून बाहेर गेलेली मुले. एक न्यू जर्सीत आहे. आमचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे उन्हाळ्यात तिकडचे दुपारचे बारा. नोव्हेंबरात तिकडची घड्याळे मागे सरकली की अकरा. दरवर्षी त्या आठवड्यात तो एक तास चुकतो आणि दरवर्षी मी त्याला फोन करून उठवितो. त्याचे वडील त्याचे भिडू आहेत. बापलेकांत एरवी पाच वाक्येही होत नाहीत. मंगळवारी सोळा बोर्ड होतात आणि नंतर तासभर भांडण होते. आणि तिसऱ्या म्हणजे स्त्रिया. इतक्या वर्षांत त्या माडीवर एकही बाई पत्ते खेळायला चढली नव्हती. नियमाने बंदी नव्हती; पण क्लबाची वेळ संध्याकाळी सहा ते नऊ, आणि त्या वेळी घराघरांत कुकरच्या शिट्ट्या वाजत असतात. बंदीला नियमच लागतो असे थोडेच आहे! मी साडेनऊची वेळ ठेवली ती स्वयंपाकघरे आवरल्यावरची. टाळेबंदीत आमची सौ. माझ्या खांद्यावरून डाव पाहत असे. एके रात्री तिने विचारले, "राणी आधी का टाकलीत? राजा डावीकडे आहे हे बोलीवरून कळलेच होते की!" त्यानंतर तीन महिन्यांनी ती माझ्या विरुद्धच्या संघात होती. आज मंगळवारच्या सोळांत पाच बायका असतात. 'क्लब ओस पडतो' असे म्हणणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे: या माणसांना तुम्ही क्लब समजत नाही काय?

सामने भरविणे म्हणजे बटण दाबणे, असा कुणाचा समज असेल तर त्याने एक मंगळवार माझ्याजवळ बसावे. चार संघ, चार टेबले, सोळा माणसे. सोमवारी अठरा जण होकार देतात. मंगळवारी नऊ वाजता चौदा उरतात. कुणाच्या घरी पाहुणे, कुणाचा चार्जर नातवाने पळविलेला. जिथे माणूस कमी पडेल तिथे बदली शोधायचा, पण तो दुसऱ्या संघाला जाचेल इतका तरबेज नको, आणि आपल्या भिडूला रडवील इतका कच्चाही नको. बोर्डाला साडेसात मिनिटे धरली तर सोळा बोर्ड दोन तासांत व्हावेत. ऐन स्लॅमच्या बोलीत वीज जाते. एका काकूंनी बोटाच्या धक्क्याने एकाऐवजी सात बिनहुकमी बोलून ठेवली होती. प्रतिस्पर्ध्यांनी मोठ्या मनाने ती मागे घेऊ दिली. क्लबाच्या टेबलावर तसे औदार्य मी कमीच पाहिले आहे.

आता दुसरे कारण. गैरप्रकारांचा संशय.

घरी बसलेला माणूस भिडूला फोन करू शकतो, हे खरे आहे. दुसऱ्या नावाने प्रेक्षक होऊन चारही हात पाहू शकतो, हेही खरे आहे. त्यासाठी मी प्रेक्षक बंद ठेवतो. पण फसवणूक पडद्याबरोबर जन्माला आली, असे जे भासविले जाते, ते मला मान्य नाही. १९६५ साली ब्युनॉस आयर्सच्या जागतिक स्पर्धेत एका नामांकित ब्रिटिश जोडीवर पाने धरण्याच्या बोटांनी खुणा केल्याचा आरोप आला. जागतिक संघटनेने त्यांना दोषी धरले आणि ब्रिटनमधल्या चौकशीने निर्दोष ठरविले. १९७५ साली बर्म्युडात भिडूंच्या मधोमध आडवा पडदा लावण्यात आला, तर एक जोडी टेबलाखालून पाय लावताना पकडली गेली. मग टेबलाखालीही आडोसा आला. २०१५ साली जगातल्या अग्रगण्य जोड्यांची बिंगे फुटली. तीही समोरासमोर बसून खेळताना, आणि ती फोडली कुणी? सामन्यांच्या चित्रफितींनी. लाकडी टेबल माणसाला प्रामाणिक करीत नाही आणि काचेचे टेबल त्याला लबाड करीत नाही. मी वीस वर्षे परीक्षेच्या वर्गांवर उभा आहे. एका मुलाने कॉपी केली म्हणून परीक्षाच बंद करा, असे अजून कुणी सुचविलेले नाही. आणि एका मुलाचा पेपर चांगला गेला म्हणून त्याने कॉपी केली, असे म्हणणारा मास्तर मास्तरकीला लायक नाही.

हे वाक्य लिहिताना माझा हात अडखळतो, कारण मी तेच केले आहे.

आमचे एक सभासद निवृत्त पोस्टमास्तर आहेत. वय अठ्ठ्याहत्तर. खुब्याचे हाड मोडल्यापासून त्या बावीस पायऱ्या त्यांनी पाहिलेल्या नाहीत. हात कापतो, म्हणून मंगळवारी त्यांची सून शेजारी बसते. ते पान सांगतात आणि ती बोट लावते. एका मंगळवारी प्रतिस्पर्ध्यांची चार इस्पिकची बोली होती आणि उतारी यांची. बोलीत चौकटचे नावही कुणी काढले नव्हते. यांनी राजा असलेल्या चौकटच्या रंगातले लहान पान उतारले. भिडूपाशी एक्का आणि राणी होती. चौकटचे तीन हात आणि हुकुमाचा एक, असे चार गेले आणि डाव एकाने पडला. दुसऱ्या टेबलावर तीच बोली बदामच्या उतारीवर सुखरूप बनली. इकडचे ५० आणि तिकडचे ४२० मिळून ४७०. म्हणजे १० इम्प, आणि सामना तेवढ्यावरच गेला. रात्री पावणेबाराला क्लबाच्या व्हॉट्सॲप गटावर हरलेल्यांपैकी एकाने लिहिले, 'सून शेजारी असली की चौकट बरोबर दिसते.' खाली तिघांनी हसरे चेहरे लावले. दुसऱ्या दिवशी दोघांनी मला लेखी तक्रार दिली. आणि मी, चिटणीस या नात्याने, पोस्टमास्तरांना पत्र पाठवून त्या उतारीचा खुलासा मागितला.

उत्तर टपालाने आले. आठ हजार मैलांवरची माणसे टेबलाशी आणणाऱ्या मला त्यांनी पोस्टकार्ड पाठविले! 'आपले पत्र पोचले. यापुढे खेळणार नाही. सूनबाईचे नाव काढायला नको होते.' त्या तीन वाक्यांत सही सोडून काही नव्हते.

मग मला जे आधी करायला हवे होते ते मी केले. पडद्यावरचा प्रत्येक बोर्ड नोंदलेला राहतो: प्रत्येक बोली, प्रत्येक पान. मी मागच्या चार महिन्यांचे मंगळवार उघडले. हुकमी बोलीविरुद्ध राजाखालून उतारी करण्याची त्यांची सवयच होती. अशा अकरा उतारी सापडल्या. चार वेळा फायदा झाला, पाच वेळा त्यांनी सरळ एक हात प्रतिस्पर्ध्याला बहाल केला, दोन वेळा फरक पडला नाही. ज्याला पलीकडचे हात दिसतात तो पाच वेळा आपल्या पायावर धोंडा पाडून घेत नाही. क्लबाच्या टेबलावर हा संशय आला असता तर तो आयुष्यभर चिकटला असता. तिथे कसली नोंद आणि कसला पुरावा! ज्या पडद्यावर आरोप आहे त्याच पडद्याने म्हाताऱ्याला सोडविले, आणि प्रस्तावाच्या दुसऱ्या कारणाला माझे याहून मोठे उत्तर नाही.

ते अकरा बोर्ड मी तक्रारदारांना दाखविले. ते म्हणाले, "बरं, नसेल मग." चहा पिता पिता म्हणाले. आरोप झाला होता साठ माणसांच्या गटावर. सुटका झाली तिघांच्या चहावर. ते हसरे चेहरे अजून तेथेच आहेत. आणि प्रस्तावाखाली ज्या सह्या आहेत त्यांत त्या दोघांच्याही आहेत: 'गैरप्रकारांचा संशय'. संशय निर्माण करायचा आणि मग संशय आहे म्हणून खेळ बंद करायचा, ही उतारी मात्र फारच चतुर आहे!

मी काही पडद्याचा भाट नाही. गुरुवारी डाव संपल्यावर जिन्यात उभे राहून जे वाद होतात, खालच्या हॉटेलातला बटाटेवडा खाताना दोन हातांनी हवेत पाने मांडून जो खेळ पुन्हा खेळला जातो, तो मंगळवारी होत नाही. पडद्यावर माणसाची तब्येत खालावलेली दिसत नाही. एका सभासदांच्या आजाराची बातमी आम्हांला त्यांची जागा दोन मंगळवार रिकामी राहिल्यावर कळली. हे उणे आहे आणि ते मी मान्य करतो. म्हणून तर मी गुरुवार बंद करा म्हणत नाही. दोन्ही चालू द्या, एवढेच माझे म्हणणे आहे.

तेव्हा सभेपुढे मी उलट प्रस्ताव मांडणार आहे. सामने चालू राहावेत. कुणाला संशय आला तर त्याने बोर्डाचा क्रमांक देऊन लेखी कळवावे, गटावर एक अक्षर लिहू नये. तिघांच्या समितीने नोंदी तपासाव्यात. एका बोर्डाच्या नव्हे, निदान तीन महिन्यांच्या. तपासाआधी कुणाकडे खुलासा मागू नये. ही चूक माझी आहे, म्हणून हे कलम मीच घालतो. ज्यांचे हात चालत नाहीत त्यांना मदतनीस ठेवण्याचा हक्क असावा. आणि शेवटचे कलम: आरोप खोटा ठरला तर ज्या ठिकाणी, जितक्या माणसांसमोर तो केला असेल, त्याच ठिकाणी, तितक्याच माणसांसमोर तो मागे घ्यावा. इतर सर्व कलमे हवी तर खोडा. हे खोडणार असाल तर चिटणीसपदाचा राजीनामा माझ्या खिशात आहे.

माझ्यापुरते मी त्याची वाट पाहिलेली नाही. हा लेख छापायला देण्याच्या आदल्या रात्री मी गटावर सूनबाईंच्या नावासह माफी लिहिली आहे. तिला हसरा चेहरा कुणी लावला नाही. पाडव्याला सौ. आणि मी फराळाचा डबा घेऊन पोस्टमास्तरांकडे जाणार आहोत. ते दार उघडतील की नाही ते मला माहीत नाही. उघडले तर मी ब्रिजची गोष्ट काढणार नाही, सौ. काढणार आहे, कारण तिला त्यांचा भिडू व्हायचे आहे.

प्रस्तावाचे काय व्हायचे ते रविवारी होईल. क्लबाचे नाव काढून घेतलेत तर नावावाचून खेळू. पाने तीच बावन्न राहतील. त्यानंतरच्या मंगळवारी साडेनऊला मी चार टेबले मांडीन. पहिल्या टेबलावर दक्षिणेची जागा मी कुणालाही देणार नाही. सोळा बोर्ड होईपर्यंत ती उघडी राहील.